कपाटाचे दार उघडताच लागणारा दिवा: आधी खटका ठरवा, मग दिवा निवडा

आपल्या प्रश्नातील परिस्थिती मला समजली ती अशी. भिंतीत बसवलेले, बिजागरीवर उघडणाऱ्या तीन पल्ल्यांचे लाकडी कपाट आहे. डावीकडच्या मोठ्या भागात हँगरची दांडी असून त्याला दोन पल्ले आहेत, उजवीकडच्या भागात फळ्या आणि ड्रॉवर असून त्याला एक पल्ला आहे. खोलीतला दिवा आपल्या पाठीमागे येत असल्यामुळे कपाटासमोर उभे राहिले की आपलीच सावली कपड्यांवर पडते. हालचाल ओळखणारे बॅटरीवरचे दिवे लावून पाहिले, पण ते मध्येच विझतात आणि त्यांचे सेल फार दिवस टिकत नाहीत. एक पल्ला जुना झाल्यामुळे दोन-तीन मिलिमीटर बाहेर राहतो, हेही आपण आवर्जून लिहिले आहे. आता दार उघडताच लागेल आणि बंद करताच विझेल असा कायमचा दिवा कोणता घ्यावा आणि तो स्वतः बसवता येईल का, असा आपला प्रश्न आहे.

कोणता दिवा घ्यावा हे मी शेवटी सांगेन, कारण अडचणीचे मूळ दिव्यात नाही. सध्याच्या दिव्यांचा उजेड पुरेसा आहे असे आपणच म्हणता. दार उघडे आहे की बंद, हे त्यांना कळत नाही ही खरी अडचण आहे. कपाटात दिवे बसवताना मी पहिला निर्णय खटक्याचा करतो, म्हणजे दाराची स्थिती ओळखणारा भाग कोणता असेल आणि तो कुठे बसेल याचा. त्यातही दिवा लागण्यापेक्षा तो विझण्याची काळजी मी अधिक घेतो. दार उघडल्यावर दिवा लागला नाही तर ते त्याच क्षणी लक्षात येते. दार लावल्यावर तो विझला नाही तर बंद पल्ल्यामागे रात्रभर जळत राहतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही. बॅटरी असेल तर ती उतरते, वायरिंग केलेले असेल तर कपड्यांनी भरलेल्या बंद खणात विनाकारण उष्णता साठत राहते. ज्या खटक्याच्या विझवण्यावर डोळे झाकून विश्वास टाकता येईल, तोच निवडावा असे माझे मत आहे.

आपल्याकडचे दिवे पीआयआर सेन्सरचे आहेत. माणसाच्या अंगातून सतत निघणारे उष्णतेचे अवरक्त किरण हा सेन्सर टिपतो, मात्र उष्णतेचा तो स्रोत त्याच्या नजरेच्या पट्ट्यात एका भागातून दुसऱ्या भागात सरकला तरच त्याला काही घडल्याची जाणीव होते. कोणता सदरा घालावा याचा विचार करत आपण कपाटासमोर स्थिर उभे राहिलात की त्याच्या लेखी तिथे कोणीच नाही, आणि ठरलेले वीस-तीस सेकंद संपताच तो दिवा विझवतो. दाराचा पल्ला खोलीच्याच तापमानाचा असल्यामुळे त्याच्या हालचालीची तो फारशी दखल घेत नाही. हात आत गेल्यावर तो जागा होतो. मध्ये कपडे लटकत असले तर त्याला पलीकडचे काही कळत नाही, आणि साधी काचही हे किरण अडवते. उलट, दार लावल्यावरसुद्धा ठरलेला वेळ संपेपर्यंत दिवा चालूच राहतो. यात सेन्सरचा दोष नाही. जिन्यात किंवा व्हरांड्यात तो उत्तम काम देतो. कपाटाला लागणारी माहिती मात्र वेगळी आहे.

सेलचा हिशेबही इथेच करून टाकू. तीन ट्रिपल ए अल्कलाइन सेलवर चालणारा दिवा १०० मिलिअँपिअर प्रवाह घेतो असे धरले आणि सेलची क्षमता १००० मिलिअँपिअर-तास धरली, तर एकूण १० तास उजेड मिळतो. कपाट दिवसातून १० वेळा उघडले आणि दर वेळी दिवा एक मिनिट जळला, तर हे सेल ६० दिवस पुरायला हवेत. हा झाला कागदावरचा आकडा. प्रत्यक्षात दार उघडे ठेवून कोणी समोरून ये-जा केली तरी दिवा लागतो, आणि सेल उतरू लागले की उजेड पूर्ण संपण्याच्या कितीतरी आधी मंदावतो, त्यामुळे निम्म्या मुदतीतच सेल बदलावेसे वाटतात. तीन भागांत तीन दिवे असतील तर ही कटकट तिप्पट होते. बॅटरीवरचा दिवा वाईट असतो असे मी म्हणणार नाही. भाड्याच्या घरात, किंवा क्वचित उघडल्या जाणाऱ्या माळ्यासाठी मी स्वतः तोच सुचवतो. रोजच्या वापराच्या कपड्यांच्या कपाटाला मात्र कायमचा वीजपुरवठा द्यावा.

आता खटक्याकडे येऊ. दाराची स्थिती ओळखण्याचे तीन विश्वासार्ह मार्ग आहेत आणि त्यांतला कोणता योग्य, हे पल्ल्याच्या फिटिंगवर, पल्ल्याच्या साहित्यावर आणि आत काय ठेवले जाते यावर अवलंबून आहे.

पहिला मार्ग दाबखटक्याचा, फ्रिजच्या दाराशी असतो तसा. दार बंद झाले की पल्ला खटक्याची कळ आत दाबतो आणि सर्किट तुटते. दार उघडले की आतली स्प्रिंग कळ बाहेर ढकलते आणि सर्किट जुळते. यात इलेक्ट्रॉनिक भाग नसल्यामुळे वाट पाहत असताना तो वीज खात नाही, आणि पल्ला लाकडाचा आहे की काचेचा याने त्याला फरक पडत नाही. त्याची अट एकच आहे, ती म्हणजे पल्ला दर वेळी त्याच जागी येऊन थांबला पाहिजे. बिजागरीचे स्क्रू सैल होऊन पल्ला खाली आला, किंवा पावसाळी हवेत पल्ल्याला बाक आला, तर कळ पूर्ण दाबली जात नाही आणि दिवा बंद दारामागे चालू राहतो. शिवाय ज्या कपाटांना मूठ नसते आणि पल्ला दाबून उघडावा लागतो, तिथे दाबखटक्याची स्प्रिंग पल्ल्याला बाहेरच्या बाजूने रेटत राहते आणि आतली पकड अधूनमधून सुटते. नव्या, घट्ट बसणाऱ्या पल्ल्यांना मी दाबखटका निःशंकपणे लावतो. आपला एक पल्ला दोन-तीन मिलिमीटर बाहेर राहतो, त्यामुळे आपल्याला तो सुचवणार नाही.

दुसरा मार्ग परावर्तनावर चालणाऱ्या सेन्सरचा. हा स्वतःच अवरक्त प्रकाश सोडतो आणि समोरच्या पल्ल्यावरून तो परत येतो का ते पाहतो. काही सेंटिमीटरांवर पल्ला असेल तोवर प्रकाश परत येतो आणि दिवा बंद राहतो. पल्ला दूर गेला की दिवा लागतो. बसवायला सोपा आणि दिसायला नीटनेटका असल्यामुळे तयार फर्निचरमध्ये तो पुष्कळ वापरला जातो. घेताना एक काळजी घ्यावी. हात हलवून दिवा लावण्या-विझवण्यासाठी असलेला सेन्सर अगदी असाच दिसतो, पण त्याचे काम वेगळे आहे; म्हणून दारासाठीचाच प्रकार आहे याची खात्री करून घ्यावी. या सेन्सरच्या मर्यादा प्रकाशाच्याच आहेत. काळ्या, चमक नसलेल्या पल्ल्यावर प्रकाश शोषला जातो आणि पारदर्शक काचेतून तो आरपार जातो. अशा दोन्ही वेळी दार बंद असूनही सेन्सरला ते उघडे वाटते. पल्ल्याच्या आतल्या बाजूला नेमक्या त्या ठिकाणी पांढरी चिकटपट्टी लावली तर हा दोष दूर होतो. याच्या उलट घोटाळा लटकत्या कपड्यांचा आहे. एखाद्या कोटाची बाही सेन्सरसमोर आली की पल्ला जागेवर असल्याचा त्याचा समज होतो आणि दार सताड उघडे असूनही दिवा लागत नाही. फळ्यांच्या भागात हा सेन्सर चांगला चालतो. दांडीच्या भागात तो छताच्या फळीच्या अगदी पुढच्या कडेला, कपड्यांच्या रांगेच्या पुढे बसवता आला तरच लावावा.

तिसरा मार्ग चुंबकाचा, आणि आपल्या कपाटासाठी मी तोच निवडेन. चुंबकीय खटक्यात काचेच्या बारीक नळीत लोहयुक्त धातूच्या दोन पातळ पट्ट्या बंद केलेल्या असतात. चुंबक जवळ आला की त्या एकमेकींना ओढून चिकटतात, दूर गेला की लवचीकपणामुळे सुटतात. नळी कपाटाच्या स्थिर चौकटीवर आणि चुंबक हलत्या पल्ल्यावर बसवायचा, म्हणजे बिजागरीवरून एकही वायर न्यावी लागत नाही. चुंबकाचा प्रभाव साधारणपणे एक ते दीड सेंटिमीटरपर्यंत पोहोचत असल्यामुळे पल्ला दोन-तीन मिलिमीटर बाहेर राहिला, थोडा उतरला किंवा वाकला तरी खटक्याला त्याचे काही वाटत नाही. धूळ, काळा रंग, लटकती बाही यांचाही त्याच्यावर परिणाम होत नाही. लोखंडी कपाट असते तर पत्र्यामुळे चुंबकाचा प्रभाव कमी अंतरापर्यंत पोहोचतो याचा विचार करावा लागला असता. आपले कपाट लाकडी आहे.

या खटक्याच्या दोन गोष्टी मात्र नीट समजून घेतल्या पाहिजेत, कारण बहुतेक फसगती इथेच होतात. पहिली गोष्ट दिशेची. चोरीच्या इशाऱ्यासाठी दारांना जे चुंबकीय संच लावतात, त्यांतल्या बहुतेकांचे सर्किट चुंबक जवळ असताना जुळलेले असते. आपल्याला नेमके उलट हवे आहे. चुंबक जवळ असताना, म्हणजे दार बंद असताना, सर्किट तुटलेले असले पाहिजे. वेष्टनावरच्या ‘नॉर्मली ओपन’ किंवा ‘नॉर्मली क्लोज्ड’ या शब्दांवर विसंबू नये, कारण काही उत्पादक ती स्थिती चुंबक दूर असतानाची सांगतात आणि काही चुंबक जवळ असतानाची. मल्टिमीटर, म्हणजे वीजजोडणी तपासण्याचा मापक, सर्किट जुळल्यावर आवाज देणाऱ्या खुणेवर ठेवावा, त्याची दोन टोके खटक्याच्या दोन वायरींना लावावीत आणि चुंबक जवळ-दूर करून पाहावा. चुंबक दूर नेल्यावर आवाज आला आणि जवळ आणल्यावर थांबला, तर तो खटका आपल्या कामाचा. तीन वायरींचा, दोन्हीकडे जुळणारा खटका मिळाला तर अधिकच चांगले, कारण त्यातून हवी ती जोडी निवडता येते.

दुसरी गोष्ट प्रवाहाची. नळीतल्या या बारीक पट्ट्या साधारणपणे अर्ध्या अँपिअरसाठी बनवलेल्या असतात. मीटरला ४.८ वॅट घेणारी १२ व्होल्टची एलईडी पट्टी दोन मीटर लावली तर ९.६ वॅट होतात आणि प्रवाह ०.८ अँपिअर होतो. एवढा प्रवाह थेट खटक्यातून नेला तर सुरुवातीला सगळे ठीक वाटते, पण काही काळाने नळीतल्या पट्ट्या एकमेकींना वितळून चिकटतात आणि दिवा कायमचा चालू राहतो, म्हणजे ज्या दोषाची आपल्याला सर्वांत अधिक धास्ती आहे तोच दोष निर्माण होतो. म्हणून चुंबकीय खटक्याने फक्त इशारा द्यावा आणि दिव्याचा प्रवाह मॉसफेटच्या, म्हणजे छोट्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या, छोट्या इलेक्ट्रॉनिक स्विचमधून जावा. असे काड्यापेटीपेक्षाही लहान तयार मोड्यूल मिळतात, आणि एलईडीसाठीच्या तयार दरवाजा-स्विचमध्ये हे दोन्ही भाग एकत्रही असतात. इथे रिले, म्हणजे तारेच्या कॉइलमधल्या चुंबकत्वाने चालणारा खटका, वापरण्याचा सल्ला काहीजण देतात. रिले चालेल, पण जोडणी अशी हवी की दार बंद असताना त्याची कॉइल निष्क्रिय राहील. नाहीतर दिवसाचे जवळजवळ चोवीस तास कॉइल तापत बसते.

पल्ल्यांच्या जोडणीचा विचार दोन भागांसाठी वेगळा करावा लागेल. उजवीकडच्या भागाला एकच पल्ला आहे, तिथे एक खटका आणि एक दिवा पुरेसा आहे. डावीकडच्या भागाला दोन पल्ले आहेत आणि कोणताही एक उघडला तरी उजेड हवा, म्हणून तिथे दोन खटके समांतर जोडावेत. दोन्ही खटके दार उघडल्यावर जुळणारे असल्यामुळे कोणताही एक जुळला की दिवा लागतो आणि दोन्ही तुटले तरच विझतो. दार बंद असताना जुळणारे खटके वापरून, सर्किट तुटल्यावर दिवा लावणारा एखादा कंट्रोलर चालवायचा असेल, तर हाच परिणाम साधण्यासाठी ते एकसरीत, म्हणजे एकापाठोपाठ एक जोडावे लागतात. या दोन रीतींची सरमिसळ झाली की एक पल्ला उघडल्यावर काहीच घडत नाही आणि दोष कुठे आहे ते सापडत नाही. नळ्या वरच्या फळीच्या खाली, पल्ल्याच्या मोकळ्या कडेजवळ बसवाव्यात. बिजागरीजवळ पल्ला फार कमी सरकतो, त्यामुळे तिथे चुंबक बसवला तर दार बरेच उघडेपर्यंत दिवा लागत नाही. मोकळ्या कडेला दार हातभर उघडण्याच्या आतच तो लागतो. दोन पल्ल्यांचे चुंबक मात्र मधल्या सांध्याला अगदी चिकटून ठेवू नयेत. एका पल्ल्याच्या चुंबकाने शेजारच्या पल्ल्याचा खटका धरून ठेवू नये, एवढे अंतर दोन जोड्यांमध्ये हवे. आठ-दहा सेंटिमीटर पुरेसे होतात.

वीजपुरवठ्याच्या बाबतीत माझा आग्रह असा आहे की कपाटाच्या आत फक्त १२ किंवा २४ व्होल्टची डीसी वायर यावी आणि घरातला मुख्य पुरवठा बाहेरच थांबावा. ड्रायव्हर, म्हणजे मुख्य पुरवठ्यापासून कमी व्होल्टेज तयार करणारा भाग, कपाटाच्या डोक्यावर कंगोऱ्यामागे किंवा शेजारच्या स्विचबोर्डाजवळ ठेवावा. घड्या घातलेल्या गोधड्या-शालींच्या खाली किंवा मागे कधीही ठेवू नये. त्याला चहूबाजूंनी हवा मिळावी, आणि बिघडला तर कपाट न खोलता बदलता यावा. ड्रायव्हरमधले कपॅसिटर उष्णतेत लवकर म्हातारे होतात. तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले की त्यांचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. एक्स्टेंशन बोर्ड कपाटात सरकवून त्यात अडॅप्टर लावण्याची सोपी वाट मोहात पाडते. ती टाळावी, कारण सैल प्लग तापतो आणि त्याच्या आसपास कापडच कापड असते.

खटका ड्रायव्हरच्या आधी ठेवावा की नंतर, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. आधी ठेवला तर दार बंद असताना ड्रायव्हरही बंद राहतो आणि थोडी वीज वाचते. पण मग मुख्य पुरवठ्याचे व्होल्टेज पल्ल्याजवळच्या खटक्यापर्यंत न्यावे लागते, ड्रायव्हर सुरू होतानाच्या क्षणिक मोठ्या प्रवाहाने खटक्याची झीज होते, आणि काही ड्रायव्हर सुरू व्हायला किंचित वेळ घेत असल्यामुळे दार उघडल्यावर क्षणभर अंधार राहतो. नंतर ठेवला तर बोटे जातात तिथे फक्त कमी व्होल्टेज असते आणि दिवा तत्काळ लागतो. मी नंतरच ठेवतो. ड्रायव्हरच्या मुख्य पुरवठ्याला बाहेर एक साधा स्विच देतो, म्हणजे लांब प्रवासाला जाताना सगळेच बंद करता येते.

ड्रायव्हरची क्षमता अशी काढावी. डावीकडच्या भागात दोन उभ्या बाजूंना प्रत्येकी १.८ मीटर पट्टी धरली तर ३.६ मीटर होते, आणि उजवीकडे फळ्यांसाठी आणखी दोन मीटर, असे एकूण ५.६ मीटर. मीटरला ४.८ वॅटप्रमाणे साधारण २७ वॅट होतात. ड्रायव्हर सतत पूर्ण भाराने चालू नये म्हणून त्यावर पाव हिस्सा वाढवला की ३४ वॅट येतात, म्हणून ४० वॅटचा घ्यावा. पट्टीचे व्होल्टेज आणि ड्रायव्हरचे व्होल्टेज एकच असले पाहिजे, हे सांगायला नको. एवढ्या लांबीला १२ व्होल्ट चालतील, पण ड्रायव्हर चार-पाच मीटर दूर असेल तर २४ व्होल्ट घ्यावेत. तेवढ्याच वॅटला प्रवाह निम्मा होतो, वायरमध्ये वाया जाणारे व्होल्टेजही निम्मे होते आणि पट्टीचे दुसरे टोक मंद दिसत नाही. पट्टी कापताना तिच्यावर छापलेल्या खुणेवरच कापावी. मीटरला ६० एलईडी असलेल्या १२ व्होल्टच्या नेहमीच्या पट्टीत अशी खूण दर तीन एलईडींनंतर, म्हणजे ५ सेंटिमीटरवर येते. २४ व्होल्टच्या पट्टीत हे तुकडे मोठे असतात, त्यामुळे मापात थोडी तडजोड करावी लागते. जोड सोल्डरचे करावेत. दाबून बसणारी क्लिप झटपट लागते, पण दार आदळल्याच्या धक्क्यांनी कालांतराने सैल होते आणि दिवा लुकलुकू लागतो.

आता दिवा. तो बसवण्याची जागा ठरवताना उजेड कपड्यांच्या दर्शनी बाजूवर पडायला हवा आणि पट्टी डोळ्यांना दिसता कामा नये, या दोन गोष्टी पाहाव्यात. वरच्या फळीच्या मध्यभागी किंवा पाठफळीवर लावलेला दिवा फोटोत छान दिसतो, पण दांडीवर कपडे भरले की त्याचा उजेड खांद्यांवरच अडतो आणि खाली काळोख राहतो. म्हणून दांडीच्या भागात दोन्ही उभ्या बाजूंच्या आतल्या अंगाला, पुढच्या कडेपासून दोन-तीन सेंटिमीटर आत, उजेड तिरका मागे आणि मध्याकडे जाईल अशा ४५ अंशांच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे अॅल्युमिनियमच्या लांब खाचेत, पट्टी बसवावी. फळ्यांच्या भागात प्रत्येक फळीच्या खालच्या अंगाला, पुढच्या कडेजवळ, तोंड मागे करून लावावी. आधी पल्ला बंद करून पाहावा. बिजागरीचा हात आणि ड्रॉवरचा दर्शनी भाग प्रोफाइलला अडत नाही ना, हे भोक पाडण्यापूर्वी तपासलेले बरे.

पट्टी नुसती तिच्या गोंदावर चिकटवू नये. लॅमिनेटवर तो काही महिन्यांत सुटतो आणि पट्टी कपड्यांवर लोंबकळते. अॅल्युमिनियमची प्रोफाइल स्क्रूने बसवावी, पट्टी तिच्यात चिकटवावी आणि वर दुधी आवरण सरकवावे. अॅल्युमिनियम एलईडीच्या पाठीची उष्णता पसरवते, आवरणामुळे कापड थेट एलईडीला लागत नाही आणि उजेडाचे ठिपके दिसत नाहीत. जुन्या तारेच्या किंवा हॅलोजनच्या दिव्यांना कपाटात मुळीच जागा देऊ नये. त्यांची काच इतकी तापते की टेकलेले कापड करपू शकते.

रंगाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण कपाटातल्या दिव्याचा खरा उपयोग इथे कळतो. गडद निळा आणि काळा, तपकिरी आणि काळा, मरून आणि जांभळा, या जोड्या एकमेकींपासून वेगळ्या दिसाव्यात यासाठी तर आपण हा दिवा लावतो. फार पिवळसर, म्हणजे २७०० केल्विनच्या उजेडात निळा प्रकाश कमी असतो, त्यामुळे गडद निळी पँट काळी वाटते आणि बाहेर उन्हात गेल्यावर मोजे वेगळ्या रंगाचे असल्याचे कळते. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या उजेडात निळा ओळखू येतो, पण कपडे आणि चेहरा दोन्ही निस्तेज दिसतात. मी ४००० केल्विन सुचवतो. त्याहून महत्त्वाचा आकडा रंगनिष्ठेचा, म्हणजे सीआरआयचा आहे. तो ९० किंवा अधिक असावा. सर्वसाधारण पट्ट्यांचा तो ८० च्या आसपास असतो आणि त्यांत विशेषतः लाल रंग मळकट दिसतो. शक्य असेल तर पूर्ण रीळ घेण्याआधी पट्टीचा छोटा तुकडा पेटवून त्याखाली आपलेच एक गडद निळे आणि एक काळे वस्त्र शेजारी-शेजारी धरून पाहावे. वेष्टनावरच्या छपाईपेक्षा ही परीक्षा अधिक खात्रीची आहे.

स्वतः बसवता येईल का, याचे उत्तर असे. ड्रायव्हरच्या पुढचे सगळे काम, म्हणजे प्रोफाइल, पट्टी, खटके, मोड्यूल आणि डीसी वायर, काळजीपूर्वक हात चालणाऱ्या कोणालाही जमते. यासाठी अर्धा चौरस मिलिमीटरची दुपदरी वायर पुरेशी आहे. ती पाठफळीच्या कोपऱ्यातून किंवा उभ्या फळीच्या मागच्या कडेने न्यावी. फळीतून भोक पाडून नेली तर त्यात रबरी बूच बसवावे, म्हणजे प्लायवुडच्या कडेने वेष्टन सोलले जात नाही. धन-ऋण टोके उलटली तर पट्टी पेटत नाही, पण मोड्यूल मात्र खराब होऊ शकते, म्हणून जोडण्यापूर्वी मीटरने तपासावे. ड्रायव्हरच्या अलीकडचे काम, म्हणजे मुख्य पुरवठ्यापासून नवी लाइन ओढणे आणि स्विच व फ्यूजची सोय करणे, परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. कपाटाची मागची भिंत न्हाणीघराला लागून असेल आणि तिथे ओल येत असेल तर आधी ओलीचा बंदोबस्त करावा, नंतर वायरिंगला हात लावावा.

कपाट पूर्ण भरलेले असताना सर्व काम तपासले पाहिजे, रिकामे असताना नाही. मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून तो आत फळीवर उभा करून ठेवावा, सगळे पल्ले लावावेत, काही सेकंद थांबावे आणि मग एकेक पल्ला उघडून पुन्हा लावावा. चित्रीकरण पाहिले की प्रत्येक पल्ल्याबरोबर दिवा खरोखर विझतो का, याचा निकाल हाती येतो. त्यानंतर तो बाहेर राहणारा पल्ला नुसता टेकवून, न दाबता, तीच परीक्षा पुन्हा करावी. अशा स्थितीतही दिवा विझला पाहिजे. न विझल्यास चुंबक पल्ल्याच्या आतल्या अंगाला पातळ पट्टी देऊन एक-दोन मिलिमीटर पुढे आणावा. घरात लहान मुले असतील किंवा पल्ला उघडा टाकण्याची सवय असेल, तर ठरावीक मिनिटांनी दिवा आपोआप विझवणारे मोड्यूल घ्यावे. मी ते १० मिनिटांवर ठेवतो, कारण कपडे निवडायला आणि घड्या लावायला तेवढा वेळ पुरतो. बिजागरीचे स्क्रू वर्षातून एकदा आवळावेत आणि त्या वेळी मोबाइलची हीच परीक्षा पुन्हा घ्यावी.